विहिरीच्या वरच्या अंगाला

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात दाखल्यासाठी ताटकळताना कधी हिरवे, पिवळे नाहीतर लाल कार्ड दिसले असेल. त्याचा हिशेब विहिरीवर होतो. वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, गावोगावच्या पिण्याच्या पाण्याच्या उद्भवांचे स्वच्छता सर्वेक्षण असते. आरोग्य कर्मचारी विहिरीभोवती फेरी मारतो. ओट्याला तडा गेलाय का, सांडलेले पाणी परत आत झिरपते का, उकिरडा किती लांब आहे, शोषखड्डा वरच्या अंगाला तर नाही ना? जोखीम फार असली की लाल कार्ड. सलग पाच वर्षे हिरवे राहून साथही आली नाही, तर चंदेरी. ही फेरी नीट मारली तर (आणि टेबलावर बसून फॉर्म भरला नाही तर) प्रयोगशाळेत गेलेल्या बाटलीपेक्षा मला तिचा भरवसा अधिक वाटतो. बाटलीत त्या दिवसाचे पाणी असते. चढावरचा खड्डा पुढच्या पावसाची वाट पाहत असतो.

चढ महत्त्वाचा, कारण आपली जमीन. राज्याचा चार-पंचमांश भाग काळ्या कातळाचा. त्यात पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत. वाळूच्या थरातून जाताना पाणी थोडेफार गाळले जाते. भेगेतून ते तसेच धावते, सोबत जे असेल ते घेऊन. त्यामुळे उताराला असलेला जवळचा गोठा एकवेळ परवडतो, पण चढावरचा लांबचा शोषखड्डा विहीर नासवू शकतो. घरोघरी संडास झाले ही चांगलीच गोष्ट. पण त्यांचे खड्डे घेताना विहीर कुठे आहे, हे किती गावांत पाहिले गेले?

यावर आपला ठरलेला उपाय म्हणजे टीसीएल पावडर. जलसुरक्षकाने ती टाकायची, अर्धा तास थांबायचे, मग नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट. पाणी पिवळे झाले की क्लोरीन आहे, म्हणजे काम झाले. जंतूंपुरते ते झालेही, पावडर दमट खोलीत पडून निकामी झाली नसेल तर. पण युरियातून आणि मैल्यातून उतरलेले नायट्रेट टीसीएलने जात नाही, उकळूनही जात नाही. मानकाप्रमाणे ते लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवे. यवतमाळ-चंद्रपूरकडचे फ्लोराइड तर खडकातूनच येते. तिथे विहिरीभोवती कितीही झाडलोट केली तरी उपयोग नाही. उद्भवच बदलावा लागतो.

कायद्याचे म्हणाल तर तो जुना आहे. १९९३च्या भूजल कायद्याने सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायला बंदी केली. २००९च्या कायद्याने शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विंधण विहिरींना मनाई केली. मोर्शी-वरुडच्या संत्र्याच्या बागांत जाऊन बोअर मोजले की मनाईची किंमत कळते. शिवाय ५०० मीटरच्या त्या वर्तुळाचा रोख पाणी आटू नये यावर आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे कायद्याला कळले. आडात काय उतरते, तिकडे त्याचे लक्ष कमी.

शहरे याहून शहाणी आहेत, असे मात्र नाही. जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले आणि बोट गेले नांदेड गावच्या विहिरीकडे. महापालिकेत नव्याने आलेल्या गावांना तिचे पाणी शुद्धीकरण प्रकल्पाविना, नुसते क्लोरीन घालून जात होते. काही रुग्णांच्या शौचनमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू निघाला. मग क्लोरीनची मात्रा, टँकर, आरओ प्रकल्प यांची चर्चा झाली. खडकवासल्याच्या काठावरची हॉटेले आणि वरच्या वस्त्यांचे सांडपाणी हा विषय त्या मानाने लवकर मागे पडला.

मुंबईत याच गोष्टीची दोन टोके एकमेकांना लागून आहेत. १८६०चा विहार तलाव राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहे. शहर त्याचे पाणी आजही पिते. त्याच्या खालच्या अंगाला १८९१च्या सुमारास पवई बांधला. त्याचे पाणी फार आधीच पिण्यातून बाद झाले, आणि आता त्यात भोवतालच्या इमारतींचे सांडपाणी उतरते. विहारच्या जंगलात बिबट्या फिरतो म्हणून माणसे काठावर जायला बिचकतात. पाण्याचा इतका स्वस्त राखणदार दुसरा नाही.

राखण म्हटले की महाडही आठवते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्या अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. नंतर तळ्याच्या ‘शुद्धी’साठी एकशे आठ घागरी आणल्या गेल्या आणि शेण, गोमूत्र, दूध, दही पाण्यात कालवले गेले. पाणी माणसाच्या स्पर्शाने बाटते आणि शेणाने शुद्ध होते, असे मानणाऱ्या समाजाला विहिरीभोवतीचा उकिरडा दिसायला वेळ लागला, यात नवल काय?

तानसा, भातसा, वैतरणेचे पाणी ज्या शहापूर तालुक्यातून मुंबईला जाते, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. बाया हंडे-कळश्या घेऊन धावतात, पाणी कोरड्या विहिरीत ओतले जाते आणि तिथून पोहऱ्याने शेंदले जाते. ऑक्टोबरच्या फेरीत त्या विहिरीला बहुधा हिरवे कार्ड मिळालेले असते, कारण तेव्हा तिच्यात स्वतःचे पाणी होते.