कॉलेज बंद, खर्च मात्र चालूच!

१० मार्च हा सावित्रीमाईंचा स्मृतिदिन. १८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा माईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्याच रोगाने पुढे त्या गेल्या. पुणे विद्यापीठाला २०१४ साली त्यांचे नाव मिळाले. नंतर २०२० मध्ये, माईंच्या स्मृतिदिनाच्या आदल्याच दिवशी, महाराष्ट्रातील करोनाचा पहिला रुग्ण पुण्यातच सापडला.

माईंचे नाव लावणाऱ्या विद्यापीठाने या साथीत आपल्या लेकरांना किती सांभाळले, आणि सांभाळण्याचा खर्च कोणाच्या खिशातून गेला, याचा हिशेब आम्ही आज मांडत आहोत. साथ ओसरली, माणसे कामाला लागली, मग आता जुने का उकरायचे, असे कोणी म्हणेल. पण दुखणे गेले की औषधाची चिठ्ठीही आपण फेकून देतो. ती चिठ्ठी जपून ठेवावी, एवढ्यासाठी हा लेख.

खोली रिकामी, भाडे चालू

पुणे, नगर आणि नाशिक असे तीन जिल्हे या विद्यापीठाकडे आहेत. पण मुले येतात ती सोलापूर, बीड, लातूर, नांदेडपासून. मार्च २०२० मध्ये वर्ग बंद झाले, वसतिगृहे रिकामी होऊ लागली. दोन-तीन आठवड्यांत परत येऊ, या समजुतीने मुले एका पिशवीवर गावी गेली. पुस्तके, गादी, कागदपत्रे सारे खोलीत राहिले. टाळेबंदी मात्र लांबतच गेली.

वसतिगृहात जागा न मिळालेल्या, कॉटवर राहणाऱ्या मुलांचे हाल वेगळेच. खोली रिकामी, तरी घरमालकाचा फोन महिन्याच्या महिन्याला यायचा. भाडे दिले नाही तर सामान अडकणार. ज्यांचा हात ‘कमवा आणि शिका’ योजनेवर होता, त्यांचे तर कामच थांबले. विद्यापीठाच्या आवारात दोन-तीन तास राबून मेसचे पैसे उभे करणाऱ्या मुलाला घरी बसून शिकता येत होते, पण कमावता येत नव्हते. योजनेच्या नावातला पहिला शब्दच गळून पडला!

घरच झाले परीक्षा केंद्र

वर्ग मोबाईलवर आले. विद्यापीठाचा विजेचा, पाण्याचा, बाकांचा खर्च वाचला. तो आपल्या घरात आला. २०१७-१८ च्या सरकारी पाहणीत देशातील खेड्यांत शंभरातील चार-पाच घरांतच संगणक होता, आणि इंटरनेटची सोय फक्त पंधरा घरांत. शहरातसुद्धा शंभरातील बेचाळीस घरांतच इंटरनेट होते. मुंबईच्या आयआयटीने जून २०२० मध्ये पुढचे सत्र पूर्ण ऑनलाईन घ्यायचे ठरवले, तेव्हा गरीब विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपसाठी लोकांकडे सुमारे पाच कोटींची मदत मागितली. त्यांना देणारे होते. तालुक्याच्या कॉलेजने कोणाकडे मागायचे?

आमच्या वस्तीतील एका ताईंचे घर सांगतो. ताई धुणीभांडी करतात. टाळेबंदीत सोसायट्यांची फाटके बंद झाली आणि चारही घरची कामे गेली. मोठी मुलगी बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, धाकटा मुलगा अकरावीत, आणि घरात मोबाईल एकच, तोही वडिलांचा. वडील रात्रपाळीचे वॉचमन. ते मोबाईल घेऊन ड्युटीवर गेले की दोघांचा अभ्यास बंद. शेवटी ताईंनी कानातली फुले गहाण ठेवली आणि दुसरा मोबाईल आणला. त्यावर महिन्याला साधारण दोनशे रुपयांचा रिचार्ज आला. काम गेलेल्या घरात दोनशे रुपये म्हणजे आठवड्याची भाजी.

परीक्षा होणार की नाही, हा घोळ तर उन्हाळ्यापासून चालला होता. राज्य सरकार म्हणे नको, विद्यापीठ अनुदान आयोग म्हणे घ्याच. २८ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अंतिम वर्षाच्या परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही. मग १२ ऑक्टोबरपासून पुणे विद्यापीठाची परीक्षा सुरू झाली. पन्नास गुण, एक तास, पर्याय निवडायचे प्रश्न. घरून मोबाईलवर द्या किंवा केंद्रावर जाऊन कागदावर द्या, अशी मुभा होती. ही मुभा चांगली होती, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. आधी सराव परीक्षा घेतली, आणि ज्यांची परीक्षा यंत्राच्या दोषाने बुडाली त्यांना पुन्हा संधी दिली, हेही खरे. पण पहिल्या दिवसांत लॉगिन होईना, पेपर उघडेना, तेव्हा किती पोरींच्या डोळ्यांत पाणी आले ते त्यांच्या आयांनी पाहिले आहे. ताईंच्या मुलीला वस्तीतील विहाराच्या ओट्यावर बसवले होते, कारण रेंज तेवढीच तिथे. एक जण छत्री धरून उभा होता.

२०२१ च्या एप्रिलमधील परीक्षेत तर मोबाईलचा कॅमेरा मुलांवर नजर ठेवू लागला. कॉपी होऊ नये हा हेतू योग्यच. पण दहा बाय दहाच्या खोलीत आजी, भाऊ, शेजारचे पोर यांनी तासभर जायचे कुठे? वेगळी खोली असलेल्यांचाच विचार या नियमामागे दिसतो.

पावतीतल्या ओळी

फीचे म्हणाल तर, कॉलेजला कुलूप, पण पावती तशीच जाड. ताईंनी मुलीला पावतीची एकेक ओळ वाचायला लावली. “जिमखाना म्हंजी काय गं?” “खेळायची जागा, आई.” “तिथं तर कुलूप हाय. मग पैसं कशाचं?” हा प्रश्न घेऊन मुलगी कार्यालयात गेली. सगळ्यांना सारखेच आहे, एवढेच उत्तर मिळाले.

हाच प्रश्न राज्यभर विद्यार्थी संघटनांनी विचारला, निवेदने दिली, आंदोलने केली. तेव्हा कुठे २०२१ मध्ये, दुसरी लाट येऊन गेल्यावर, विद्यार्थ्यांनी न वापरलेल्या सोयींच्या शुल्कात सूट देण्याचे निर्णय झाले. करोनाने आईवडील हिरावलेल्यांची फी माफ करण्याचे ठरले. आयोगानेही ३० नोव्हेंबर २०२० पर्यंत प्रवेश रद्द करणाऱ्याची पूर्ण फी परत करा, असे सांगितले होते. निर्णय चांगले, पण पहिले वर्ष भरून गेल्यावर आलेली सूट सोडून गेलेल्या मुलाच्या कामाची नाही.

शिष्यवृत्तीचेही तेच. २३ डिसेंबर २०२० ला केंद्राने अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत आपला वाटा साठ टक्के केला. वसतिगृह न मिळालेल्या मुलांसाठी राज्यात बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना होती; पुण्यासारख्या शहरात जेवण, राहणे आणि इतर खर्चाला मिळून वर्षाला साठ हजार रुपये. पण पैसा हाती यायला उशीर झाला की घरमालक आणि मेसवाला थांबत नाहीत.

ताईंची मुलगी पदवीधर झाली. आज ती नोकरी करते. धाकटा मात्र बारावीनंतर घरोघर पार्सल पोचवण्याच्या कामाला लागला. “दीदीचं होऊ दे आधी, मी पुढल्या वर्षी घेतो ॲडमिशन,” असे तो म्हणाला होता. कॉलेजे १५ फेब्रुवारी २०२१ ला उघडली, लवकरच बंद झाली, २० ऑक्टोबरला उघडली, जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा बंद झाली, १ फेब्रुवारीला पुन्हा उघडली. त्याचे पुढले वर्ष काही उगवले नाही. असे किती धाकटे आपल्या वस्त्यांत आहेत, ते आपणच मोजायला हवे.

पालकांनी एवढे करावे

साथ पुन्हा येवो न येवो, फीची पावती दर वर्षी येते. ती मुलाकडून ओळ न् ओळ वाचून घ्या. आपल्याला वाचता येत नाही याची लाज बाळगू नका. न विचारण्याची बाळगा. शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क मागू नये, असे शासनाचे आदेश आहेत. कोणी मागितले तर लेखी मागा आणि समाजकल्याण कार्यालयात अर्ज द्या. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक एका पिशवीत ठेवा आणि ती पिशवी घरी ठेवा, भाड्याच्या खोलीत नको.

आणि विहारांच्या कार्यकर्त्यांना आमची विनंती, की एक खोली अभ्यासाला द्या, तिथे वीज आणि इंटरनेट चालू ठेवा. विहाराच्या ओट्यावर एका मुलीने छत्रीखाली पेपर दिला. पुढच्या मुलीला आत बसायला जागा असावी. आणि ज्याचे वर्ष तेव्हा हुकले, त्या धाकट्याच्या घरी या रविवारी जाऊन एकदा विचारा, बाळा, फॉर्म भरायचा का?