पूर ओसरल्यानंतरच्या सवयी

ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. तेथील इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर परिसरातील दुकानांत पाणी शिरले. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडून मालाची आवक-जावक थांबली. जुलै २०२१ मध्ये तोच प्रसंग पुन्हा ओढवला. आपल्या व्यापारी कुटुंबांनी त्या नुकसानीचा हिशेब केव्हाच मांडला. मनाची बाकी मात्र क्वचितच कोणी काढून पाहतो.

ज्यांनी तेव्हा रात्रीतून गाठोडी बांधली, त्यांच्या घरी-दुकानी आजही काही गोष्टी सहज आढळतात. खतावण्या पोटमाळ्यावर, खालचा कप्पा कायम रिकामा, कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत. आषाढात घरचा कर्ता पुरुष रात्री दोनदा उठून मोबाइलवर बंधाऱ्याची पातळी पाहतो. यात वावगे काही नाही. नदी तीच आहे. परंतु तोच गृहस्थ मार्गशीर्षात, नळ फुटून उंबऱ्यापाशी पाणी साचले, तरी मुलांवर कडाडतो, त्याला घाम फुटतो आणि मागाहून तो स्वतःच खजील होतो. ही सावधगिरी नव्हे.

सप्टेंबर १९२४ मध्ये रशियातील लेनिनग्राड शहरात नेवा नदीचा मोठा पूर आला. इव्हान पावलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेतील कुत्री पिंजऱ्यांत अडकली. पाणी वर चढल्यावर त्यांना मोठ्या कष्टाने बाहेर काढले गेले. (मुक्या जिवांना असे कोंडणे आपल्या वाचकांना रुचणार नाही, मलाही रुचत नाही, पण घडलेले सांगितलेच पाहिजे.) पुढे काही कुत्री आधी शिकलेले सारे विसरली. दीर्घ प्रयत्नांनी ती सावरली. मग एके दिवशी दाराखालून पाण्याची बारीक धार आत सोडण्यात आली आणि तेवढ्यानेच जुनी घबराट परतली.

जिवावर बेतले असता शिकलेला धडा मेंदू पुसून टाकत नाही. त्यावर सुरक्षिततेचा नवा धडा लिहिला जातो, इतकेच. ओल्या भिंतीचा वास किंवा पाण्याचा आवाज अशी एखादी खूण मिळताच, विचार जागा होण्यापूर्वी शरीर धावू लागते. म्हणून ‘आता कुठे पूर आहे?’ हा घरच्यांचा प्रश्न त्या क्षणी निरुपयोगी ठरतो, आणि थट्टा तर घातकच. शिवाय २०२१ नंतर जन्मलेले नातवंडही आजोबांचा चेहरा पाहून पाण्याला भिण्यास शिकते. वारशात काय द्यावे याचा आपण एवढा विचार करतो, त्यात हेही यावे.

नवा धडा एकट्याने पक्का होत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास आणले. तेथे त्यांना शाळेबरोबरच, तेच भोगलेल्या सवंगड्यांचा सहवास मिळाला, हे मला अधिक मोलाचे वाटते. आपल्या पेठेतही त्या रात्रींविषयी शेजाऱ्यांनी एकत्र बसून बोलावयास हवे. झोप महिनोन्महिने उडालेली असेल, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

ज्येष्ठातच घरात बसून ठरवावे की पाणी किती फुटांवर गेले म्हणजे माल हलवावयाचा, कोणी आणि कोठे. तो आकडा भिंतीवर लिहावा, आणि रात्री पातळी पाहण्याचे काम पाळीपाळीने वाटून घ्यावे.