झाकली मूठ

आपल्या भाषेने हाताला जितके राबविले आहे, तितके दुसऱ्या कोणत्याही अवयवाला राबविले नसेल. आपण कोणाला हात देतो, कधी हात आखडता घेतो, कोणापुढे हात पसरतो, आणि अगदीच निरुपाय झाला की हात टेकतो. मराठी शिकविणे हा माझा पेशा. वाक्प्रचारांचा तास असला की निम्मा फळा हातानेच भरून जातो. त्यातच एक म्हण येते : 'झाकली मूठ सव्वा लाखाची.' चारचौघांत आपले उणे उघड करू नये, हा तिचा उपदेश. संसाराला तो सोयीचा आहे यात शंका नाही. परंतु एक मूठ अशी आहे की, ती जितकी झाकावी तितकी महाग पडते. तिचीच ही हकीकत.

आमच्या राजापेठेत साठी उलटलेले एक पेन्शनर गृहस्थ आहेत. उजव्या तळहातावर, अनामिकेच्या मुळाशी, त्यांना एक बारीकशी गाठ लागली. दुखत नव्हती, खुपत नव्हती. तेव्हा घट्टा पडला असेल म्हणून त्यांनी ती सोडून दिली. तीनचार वर्षांत गाठीची दोरी झाली, आणि दोरीने बोट आत ओढले. मग त्यांनी तो हात खिशात घालावयास सुरुवात केली. पंगतीला बसणे टाळले. प्रसादासाठी ओंजळ करावी लागेल म्हणून देवळात जाणेही सोडले. घरातल्या माणसांनी ओळखले, पण बोलले कोणीच नाही. कारण धाकट्या मुलीचे लग्न व्हावयाचे होते.

न बोलण्याचे कारण वऱ्हाडातल्या वाचकांस फोड करून सांगावयास नको. वाकडे बोट दिसले की आपल्या मनात पहिली शंका येते ती कुष्ठरोगाची. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव तथा दाजीसाहेब पटवर्धन यांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी आश्रम उभा केला, आणि समाजाने टाकलेल्या माणसांच्या भिकेसाठी पसरलेल्या हातांना काम दिले. १९५९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तपोवनाचा आम्हांला अभिमान आहे. पण वाकड्या बोटाची धास्ती काही घराघरांतून गेलेली नाही.

या धास्तीला थोडा आधारही आहे. दोन्ही दुखण्यांत वाकतात ती बहुधा तीच दोन बोटे : अनामिका आणि करंगळी. मात्र कारणे अगदी निराळी. कोपर कोठे आपटले की हातभर झिणझिण्या येतात ना? तेथून जाणारा मज्जातंतू कुष्ठरोगात बिघडतो, बोटांचे लहान स्नायू लुळे पडतात आणि बोटे नखीसारखी वळतात. तेथे बहुधा स्पर्श हरपलेला असतो, आणि निदान सुरुवातीस तरी दुसऱ्या हाताने ते बोट सरळ करता येते. आमच्या या गृहस्थांच्या दुखण्यात स्पर्श शाबूत असतो, तळव्यात दोरी हाताला लागते, आणि दुसऱ्या हाताने कितीही जोर केला तरी बोट उलगडत नाही. अर्थात निदान डॉक्टरांनीच करावयाचे. आणि समजा, कुष्ठरोगच निघाला, तरी लपविण्याचे कारण नाही. १९८२ पासून जी बहुविध औषधांची पद्धत रूढ झाली, तिने तो सहा महिन्यांत किंवा वर्षभरात बरा होतो.

दुसऱ्या दुखण्याला पॅरिसच्या एका शस्त्रवैद्याचे, द्युपुइत्राँ याचे, नाव आहे. त्याच्याकडे दारूचा एक घाऊक व्यापारी आला होता. १८११ साली जड पिंप उचलताना आपल्या तळव्यात काहीतरी कट्कन वाजले, असे तो सांगे. पुढे त्याची दोन बोटे तळव्याशी येऊन मिळाली. बोटांच्या शिरा, म्हणजे स्नायूंचे दोर, आखडले असावेत, असाच तेव्हा पुष्कळांचा समज होता. द्युपुइत्राँने असाच हात असलेले एक प्रेत मिळवून ते उकलून पाहिले. दोर शाबूत होते. आखडला होता तो कातडीखालचा चिवट पडदा. तो कापताच बोटे मोकळी झाली. १८३१ साली त्याने व्यापाऱ्याच्या हातावर शस्त्रक्रिया केली आणि विद्यार्थ्यांपुढे हा उलगडा केला. या पडद्यातील काही पेशी वाजवीपेक्षा अधिक तंतू विणतात आणि ते आखडत जातात. पावसात भिजलेल्या बाजेची दोरी जशी ताणून बसते, तसाच हा प्रकार.

हे दुखणे उत्तर युरोपातील लोकांत फार. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या हातावर १९८६ साली, तर अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्या हातावर १९८९ साली याचसाठी शस्त्रक्रिया झाली. आपल्याकडे ते कमी आढळते. पण कमी म्हणजे नाहीच असे नव्हे. ते घराण्यातून उतरते, वय वाढले की येते, पुरुषांत अधिक दिसते. दारू आणि तंबाखू यांच्याशी त्याचा संबंध सांगतात. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, मधुमेह्यांना ते इतरांपेक्षा अधिक होते. आणि मधुमेह आता आपल्या कोणत्या घरात नाही?

आता किरणांविषयी. क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लागला. किरणोपचार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो कर्करोगच. मोझरीच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे १९६८ साली त्याच रोगाने निर्वाण झाले आणि नागपूरचे कर्करोगाचे इस्पितळ त्यांच्या नावाने ओळखले जाते. तेव्हा किरणांचे नाव काढताच घरात रडारड व्हावी, यात नवल नाही. पण गाठ कर्करोगाची नसली तरी, वाढणाऱ्या पेशींना लगाम घालण्यास तेच किरण उपयोगी पडतात. पद्धत साधारण अशी : रोज तीन ग्रे याप्रमाणे पाच दिवस, मग सहा ते बारा आठवडे विश्रांती, आणि पुन्हा पाच दिवस, एकूण तीस ग्रे. कर्करोगात पुष्कळदा याच्या दुप्पट मात्रा लागते. तळव्याचा निरोगी भाग शिशाने झाकतात, किरण कातडीखाली थोडेच खोल जातात, आणि रुग्ण थोड्याच वेळात घरी जाण्यास मोकळा होतो.

गुण किती येतो? जर्मनीतील एर्लांगेन येथील डॉक्टरांनी २०८ हातांचा सुमारे १३ वर्षे मागोवा घेऊन २०१० साली निष्कर्ष छापले. नुसती गाठ असतानाच किरण दिले, त्यांपैकी शेकडा ८७ हातांत दुखणे थांबले किंवा ओसरले. बोट चांगलेच वाकल्यावर दिले, तेथे मात्र बहुतेकांचे दुखणे पुढे गेलेच. यातील मेख अशी की, किरण दोरी तोडीत नाहीत, ती वळू देत नाहीत; वळलेल्या दोरीपुढे त्यांचे काही चालत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काही गाठी आपणहून वर्षानुवर्षे जागच्या जागी राहतात. तेव्हा थांबले ते किरणांनी की मुळातच थांबणार होते, हे ठरविणे कठीण. ब्रिटनच्या आरोग्य-परीक्षण संस्थेने २०१० साली हेच म्हटले : मोठा धोका दिसत नाही, पण गुणाचा पुरावा अपुरा आहे. कातडी कोरडी पडते, लाल होते. पुढेमागे कर्करोग उद्भवण्याची शक्यता अल्प असली तरी शून्य नाही, म्हणून तरुणांना किरण देताना डॉक्टर बिचकतात. सारांश, गाठ दिसली की किरण घ्यावेत असे नव्हे. गाठ वाढते आहे की स्वस्थ आहे, हे हाताच्या शस्त्रवैद्याला आणि किरणोपचाराच्या तज्ज्ञाला वेळीच पाहू द्यावे, इतकेच.

आमचे गृहस्थ अखेर मुलीच्या लग्नानंतर डॉक्टरांकडे गेले. कुष्ठरोग नव्हता. पण किरणांची वेळ टळून गेली होती. आता सुईने दोरी तोडणे किंवा शस्त्रक्रिया, एवढेच दोन मार्ग उरले होते, आणि दोन्हींनंतर दुखणे पुन्हा उलटू शकते. ज्या भीतीने त्यांनी हात चार वर्षे लपविला, ती भीती एका सकाळी तपासणीत निकालात निघाली असती.

एक साधी परीक्षा घरच्या घरी होते. तळहात टेबलावर पालथा ठेवावा. तो सपाट टेकत नसेल, तर शस्त्रवैद्याकडे जाण्यास विलंब करू नये. गाठ मात्र याच्याही आधी हाताला लागते. यंदा नरकचतुर्दशीला पहाटे घरातल्या वडीलधाऱ्यांना तेल लावाल, तेव्हा पाठ आणि खांदे यांवरच थांबू नका. त्यांचे तळहात उलगडून अनामिका आणि करंगळी यांच्या मुळाशी अंगठा फिरवा. काही टणक लागले, तर सण आटोपताच त्यांना घेऊन दवाखाना गाठा. आणि दिवाणखान्यात बसलेल्या पाहुण्यांदेखत ते बोलावयासही लाजू नका.