जंतूंची वंशावळ आणि रुग्णालयांचे कर्तव्य

रुग्णालयात दाखल झालेला रोगी मूळच्या व्याधीने नव्हे, तर तेथेच जडलेल्या संसर्गाने दगावावा, यासारखी विपरीत गोष्ट नाही. असे घडले की पुराव्याअभावी संशयाचे बोट बहुधा परिचारिका, आया वा सफाई कामगार यांच्याकडे वळते. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार टाळावयाचा असेल, तर प्रथम चोराची ओळख पटली पाहिजे. जंतूंच्या जनुकीय वर्गीकरणाचे महत्त्व नेमके येथे आहे.

नेहमीच्या तपासणीत जंतूची जात आणि तो कोणत्या प्रतिजैविकांना दाद देत नाही, एवढेच समजते. परंतु दोघा रोग्यांचे जंतू सारख्याच औषधांना जुमानीत नाहीत, एवढ्यावरून एकाची लागण दुसऱ्यास झाली असे ठरत नाही. एकाच आडनावाची माणसे एकाच घरातील असतात असे थोडेच आहे? जंतूचे विभाजन होताना त्याच्या डीएनएत क्वचित एखाद्या अक्षराचा फरक पडतो आणि तो पुढील पिढ्यांत उतरतो. संपूर्ण आराखडा वाचून हे फरक मोजले, की जंतूंची वंशावळच मांडता येते. फरक मोजके, तर नाते जवळचे. फरक पुष्कळ, तर नाते दूरचे.

इंग्लंडमधील केंब्रिजच्या रोझी रुग्णालयात २०११ साली जे घडले, ते या दृष्टीने उद्बोधक आहे. नवजात बालकांच्या विशेष दक्षता विभागात सहा महिन्यांत बारा बालकांच्या अंगी ‘एमआरएसए’ हा मेथिसिलिनला न जुमानणारा जंतू आढळला. ही एकच साथ की निव्वळ योगायोग, हे प्रचलित तपासण्यांतून निश्चित होईना. शॅरन पीकॉक, ज्युलियन पार्कहिल व त्यांचे सहकारी यांनी जंतूंचे संपूर्ण आराखडे वाचले, तेव्हा एकाच वंशातील जंतू बाळगणाऱ्यांची संख्या २६ भरली. प्रसूतीनंतरच्या कक्षातील माता आणि रुग्णालयाबाहेरील माणसेही त्यांत होती. पुढे विभागाची कसून स्वच्छता झाली. तरीही शेवटचे बाधित बालक घरी गेल्यानंतर ६४ दिवसांनी आणखी एका बालकात तोच जंतू सापडला. तेव्हा १५४ कर्मचाऱ्यांची तपासणी झाली व त्यांपैकी एकाच्या अंगी साथीतील जंतू निघाला.

या कर्मचाऱ्यास अपराधी म्हणावयाचे काय? मुळीच नाही. निरोगी माणसांपैकी सुमारे तिघांत एकाच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस कसलाही त्रास न देता वास करतो. त्याचाच औषधांना न जुमानणारा वंश आपल्या अंगी आहे, याची त्या माणसाला कल्पनाही नसते. त्याला हवेत ते उपचार, शिक्षा नव्हे. शिक्षेचे भय घातले, तर उद्या कोणीही तपासणीस पुढे येणार नाही आणि जंतूला मात्र मोकळे रान मिळेल. शिवाय वंशावळ नाते सांगते. कोणाकडून कोणाकडे लागण झाली, हे ठरविण्यास खाटांच्या व तारखांच्या चोख नोंदीही लागतात.

हे खर्चाचे काम आपल्याकडे कसे परवडणार, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु कोविडच्या साथीत, डिसेंबर २०२० मध्ये, विषाणूंचे आराखडे वाचण्यासाठी ‘इन्साकॉग’ हे प्रयोगशाळांचे जाळे देशात उभे राहिले. पुण्यातील राष्ट्रीय विषाणू संस्था आणि राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र त्यात होते. विषाणूंसाठी कमावलेले हे कसब रुग्णालयांतील जंतूंकडे वळविणे अशक्य नाही. सरसकट प्रत्येक नमुना तपासण्याचेही कारण नाही. नवजात बालकांचे व अतिदक्षता विभाग यांपासून, तेही साथीचा संशय येताच, आरंभ करता येईल. मात्र त्यासाठी संसर्गाचे नमुने वेळीच घेणे व वाढविलेले जंतू जपून ठेवणे, ही शिस्त रुग्णालयांनी आधी अंगी बाणविली पाहिजे.

वंशावळ हाती आली म्हणून हात धुण्याची गरज संपत नाही, हे खरे. पण कोणाचे हात, कोणते उपकरण, कोणता कक्ष, हे न कळता केलेला बंदोबस्त म्हणजे साप म्हणून भुई धोपटणे होय. तसे धोपटणे चालू राहील, तोवर त्याची किंमत पाळण्यातील अर्भकांना मोजावी लागेल.