जव, ज्वारी आणि बिअर

यंदा माघ महिन्यांत रांजणगांवच्या गणपतीचें दर्शन घेऊन आम्ही सहकुटुंब पुण्यास गेलों. माझा पुतण्या तेथें नोकरीस आहे. "काका, धान्याची बिअर कशी होते तें एकदां डोळ्यांनीं पाहा," असा त्याचा आग्रह बरेच दिवसांचा होता, आणि त्या आग्रहामागें एक बेतही होता. जालना तालुक्यांतील आमच्या सामाईक शेतीपैकीं चार एकर काळें रान रब्बीस ज्वारीखालीं असतें. तें जवाखालीं आणावें व माल पुण्याच्या बिअरवाल्यांस विकावा, असें त्याचें म्हणणें. मद्याविषयीं ह्या मासिकांत काय लिहावयाचें, असें कांहीं वाचकांस वाटेल. परंतु ज्या पदार्थाचें मूळ धान्यांत आहे त्याची ओळख धान्य पिकविणारास असलेली बरी, आणि पुतण्यास उत्तर देणें मला भागच होतें.

पुण्यांत अशा लहान बिअरशाळा २००९ पासून निघूं लागल्या. त्या वर्षीं तेथें सुरू झालेलीचें नांव 'डुलाली'. हा इंग्रजी शब्द मूळचा आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा. विलायतेस परतणारे गोरे शिपाई तेथील छावणींत जहाजाची वाट पाहून वेडेपिसे होत, म्हणून वेडसर माणसास त्यांच्या बोलींत हें नांव पडलें. आम्ही गेलों ती बिअरशाळा निराळी. आमच्या वहिनी दारापर्यंत येऊन थबकल्या. गांवांत बायकांच्या मतदानानें बाटली आडवी झाली तेव्हां घरोघर फिरणारांत त्या पुढें होत्या, आणि दारूनें बुडालेले तीन संसार त्यांनीं जवळून पाहिलेले. मुलांस जेवणाच्या बाजूस बसवावें व चव पाहण्यापलीकडे कोणीं जाऊं नये, ह्या अटीवर त्या आंत आल्या.

दारू आणि बिअर यांतला फरक प्रथम सांगितला पाहिजे. दारू भट्टीवर गाळतात, बिअर गाळीत नाहींत. ती केवळ आंबवितात. जवास (आपल्याकडे सातूही म्हणतात) सुमारें दोन दिवस भिजत घालून चार-पांच दिवस मोड आणतात. आपल्या घरीं नाचणीचें सत्त्व करतांना हेंच होतें. मोड फुटला कीं दाण्यांत एक पाचक द्रव्य जागें होतें, आणि त्याच्या अंगीं पिठाची साखर करण्याची शक्ति असते. नंतर दाणे गरम हवेनें वाळवून मोड-मुळ्या झाडून टाकतात. ह्यास माल्ट म्हणतात. तें भरडून ६५ अंशांच्या आसपास ऊन पाण्यांत तासभर ठेविलें कीं गोड काढा तयार होतो. मी चमचाभर चाखला. गुळवणीसारखा, पण धान्याच्या वासाचा. हा काढा 'हॉप' नांवाच्या वेलीच्या कडू फुलांसह तासभर उकळतात, निववितात व त्यांत यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खाऊन मद्यार्क व वायु करते. आपली आंबील आंबट होते ती निराळ्या, म्हणजे दही लावणाऱ्या जातीच्या जंतूंनीं. म्हणून धान्य तेंच असूनही एकीची आंबील होते आणि दुसरीची बिअर.

चव पाहण्यास लांकडी फळीवर चार लहान पेले आले. पहिली गव्हाची, गढूळ, आणि तिला चक्क पिकलेल्या केळ्याचा व लवंगेचा वास! आंत केळें नव्हतें, लवंगही नव्हती. तो वास यीस्टच्या जातीचा. दुसरी बेल्जम देशाच्या रीतीची. तीत धने व नारिंगाची वाळली साल घालतात. तिसरी इतकी कडू कीं काढेचिराइताची आठवण झाली. एकेकाळीं विलायतेहून हिंदुस्थानांत जहाजानें येणारी बिअर टिकावी म्हणून तीत हॉप अधिक घालीत, तीच ही चाल. चौथी काळीभोर. करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्याची चव तीत होती, कारण माल्टाचा कांहीं भाग कॉफीच्या बियांसारखा काळा होईपर्यंत भाजलेला असतो. मला चौथी बरी वाटली. वहिनींनीं पेल्यास हात लावला नाहीं, पण वाटींतले माल्टाचे दाणे मात्र बराच वेळ चघळीत राहिल्या.

आतां पुतण्याच्या बेताकडे येतों. बिअरीच्या जवाचा दाणा टपोरा व प्रथिनांनीं बेताचा, म्हणजे शेंकडा नऊ ते साडेअकरा, लागतो. प्रथिन वाढलें कीं साखर कमी निघते व बिअर गढूळते. दाणा भरण्याच्या वेळीं थंडी टिकली तरच असा माल येतो, म्हणून हें पीक राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेश ह्या बाजूस अधिक. आमच्याकडे फेब्रुवारींतच ऊन तापूं लागतें आणि दाणा चिमतो. हॉपाचें तर नांवच नको. त्या वेलीस कडक हिंवाळा व उन्हाळ्याचे लांब दिवस हवेत. हिमाचलांत लाहौल खोऱ्यांत तिची थोडी लागवड आहे, बाकी माल परदेशचा.

मग जव नको तर ज्वारीच द्यावी काय? हा प्रश्न अधिक मोलाचा. आफ्रिकेंत ज्वारीची बिअर पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे, आणि नायजेरियानें १९८८ सालीं जवाच्या माल्टाची आयात बंद केली तेव्हां तेथील मोठे कारखानेही ज्वारी-मक्याकडे वळले. तेव्हां होत नाहीं असें नाहीं. अडचणी मात्र तीन आहेत. ज्वारीचें पीठ जवाहून सुमारें दहा अंश अधिक उष्णतेस फुलतें, म्हणून तें आधीं वेगळें शिजवावें लागतें. तिच्या माल्टांत तें साखर करणारें द्रव्य थोडें. शिवाय जवाच्या दाण्यास टरफल चिकटून राहतें व काढा गाळतांना तेंच गाळणीचें काम करतें. ज्वारीचा दाणा उघडा, त्यामुळें भांड्याच्या तळाशीं लगदा बसतो.

चौथी गोष्ट धोक्याची, आणि ती आपल्या वाचकांस शिकविण्याची गरज नाहीं. कोंवळी ज्वारी खाऊन जनावरास किराळ लागतें तें ज्या विषानें, तेंच विष ज्वारीच्या मोडांत उत्पन्न होतें. वाळविल्यावर मोड-मुळ्या पुरत्या झाडणें व काढा नीट उकळणें याच कारणासाठीं आवश्यक असतें. कोणा हौशी वाचकानें घरीं प्रयोग करूं नये. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें परवान्याशिवाय बिअर करणें हा महाराष्ट्रांत गुन्हाच आहे.

एवढें असूनही पुतण्या ऐकेना, तेव्हां आम्हीं तेथेंच हिशेब मांडला. एका क्विंटल माल्टांतून ढोबळ मानानें पांचशें लिटर बिअर निघते. महिन्यास आठ हजार लिटर करणारी शाळा धरली तर धान्य लागतें सोळा क्विंटल. त्यांत दहावा हिस्सा ज्वारीचा घातला तर महिन्यास एक क्विंटल साठ किलो. आमच्या कोरडवाहू रानांत एकरीं पांच क्विंटलांच्या आंतबाहेर ज्वारी होते. म्हणजे एक एकराचें पीक एका शाळेस तीन महिने पुरतें, व आमच्या चार एकरांचें वर्षभर! पुढल्या शेतकऱ्यानें दुसरी शाळा शोधावी. त्याउलट जालन्याच्या दगडी ज्वारीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे, तिची भाकर खाणारे गिऱ्हाईक लाखोंनीं आहे, आणि कडबा आपल्या गोठ्यांत राहतो. जव पेरला तर त्या तोडीचा कडबा कोठून आणावा?

मोसंबीविषयीं मात्र मन थोडें घुटमळतें. जालन्याच्या मोसंबीसही मानांकन आहे, व दुसऱ्या पेल्यांतील साल पाहून ती आठवलीच. पातळ सोललेली, पांढरा भाग टाकून सावलींत वाळविलेली साल नमुन्यादाखल पाठविण्यास हरकत नाहीं. साल फुकट जाते तीच आहे. पण त्यावर बाग लावावी असें मी म्हणणार नाहीं. २०१२-१३ च्या दुष्काळांत आपल्या जिल्ह्यांतील किती बागा वाळल्या हें कोणी विसरलेलें नाहीं.

दुष्काळाचा विषय निघाला कीं पाण्याचा येतोच. एक लिटर बिअरीमागें धुणें, निवविणें धरून मोठ्या कारखान्यांतही कित्येक लिटर पाणी जातें, लहान शाळेंत त्याहून अधिक. २०१६ च्या उन्हाळ्यांत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें मराठवाड्यांतील मद्य व बिअर कारखान्यांच्या पाण्यांत साठ टक्क्यांपर्यंत कपात करविली होती. वहिनींस तें पक्कें ठाऊक होतें. "आमच्या दारीं टँकर येत होता तेव्हां," एवढेंच त्या बोलल्या, आणि पुतण्या गप्प बसला.

निघतांना त्यांनींच तेथील माणसास विचारलें, "काढा निघाल्यावर त्या भरड्याचें काय करतां?" तो म्हणाला, रोज पहाटे एक गवळी घेऊन जातो. हा ओला चोथा दुभत्या जनावरास खरोखर उपयोगी असतो. साखर निघून गेली तरी प्रथिनें राहतात. कोरड्या वजनावर शेंकडा वीस-पंचवीस. मात्र त्यांत तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असतें, म्हणून दुरून आणण्यांत पाण्याचेंच भाडें भरावें लागतें. पुण्याहून आणणें व्यर्थ. वाळूजच्या कारखान्यांतून मिळाला तर दोन-चार जणांनीं मिळून गाडी करावी. मोठ्या दुभत्या जनावरास दिवसाकाठीं आठ-दहा किलोंपर्यंत, प्रथम थोडा देऊन संवय लावीत, कडब्याच्या कुट्टींत मिसळून द्यावा. उन्हाळ्यांत दोन दिवसांपलीकडे ठेवूं नये, व बुरशी दिसली कीं सबंध ढीग उकिरड्यावर घालावा. वरचा थर काढून खालचा चारूं नये.