डोंगरवाटेवरील मोटार : बोल्ट आणि बुश

सन १९८५ मध्ये भारतात आलेली मारुती जिप्सी ही मोटार लष्करी चौक्यांपासून अभयारण्यांतील कच्च्या वाटांपर्यंत सर्वत्र धावली. तिचे उत्पादन आता थांबले आहे. तथापि दुर्गम प्रदेशात तिच्यावर विसंबून असणारी माणसे आजही आहेत. अशी जुनी गाडी पुन्हा कणखर करावयाची म्हटले की मालकाचे लक्ष प्रथम रुंद टायरांकडे आणि उंच कमानपाट्यांकडे जाते. ज्या लहान भागांवर हे सारे टांगलेले असते, ते बोल्ट आणि बुश मात्र बहुधा शेवटी आठवतात. चाके आणि चासी यांना जोडणाऱ्या या योजनेला परिभाषेत ‘निलंबन’ म्हणतात; परंतु हा शब्द सरकारी नोकरांच्याही वाट्याला येत असल्यामुळे कारखान्यात ‘सस्पेन्शन’ हाच शब्द रुळला आहे.

जिप्सीच्या चारही चाकांना कमानपाटे आहेत. प्रत्येक पाट्याचे एक टोक चासीला एका बोल्टाने बांधलेले असते आणि दुसरे शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याने. दाब आला की कमान सपाट होते व तिची लांबी वाढते. त्या वाढीला वाव देण्यासाठी हा झुलता दुवा हवा. एका पाट्याला असे तीन सांधे, म्हणजे संपूर्ण गाडीत बारा. प्रत्येक खड्ड्यागणिक हे बाराही सांधे थोडे थोडे वळतात.

हे वळणे कोठे घडते, हा खरा प्रश्न आहे. दुसऱ्या महायुद्धातील विलीस जीपमध्ये शॅकल आणि त्याचा बुश या दोहोंना आटे असत व पोलाद पोलादावर फिरत असे. काही जागी तर उलटे, डाव्या हाताचे आटे होते, ही गोष्ट माहीत नसलेल्या मिस्त्रीची पुरती दमछाक होई. ग्रीस वेळेवर मिळाले तर हे सांधे दीर्घकाळ टिकत; न मिळाल्यास चिखलपाण्याने आटेच झिजून जात. पुढे रबरी बुश सर्वत्र आला. त्याच्या एका प्रचलित प्रकारात दोन पोलादी नळ्यांमध्ये रबर घट्ट बसविलेले असते. बाहेरची नळी पाट्याच्या डोळ्यात ठोकून बसते, आतली नळी बोल्टाने कंसाच्या दोन भिंतींमध्ये आवळली जाते. येथे काहीही घासत नाही; रबरच पिळले जाते आणि पुन्हा मूळ स्थितीला येते. त्याला वंगण नको. उलट खनिज तेल व ग्रीस यांनी नैसर्गिक रबर फुगते आणि सडते.

यावरून बोल्टाचे खरे कार्य स्पष्ट होते. तो खुंटीसारखा भार पेलत नाही, तो चिमटा आहे. १२ मिलिमीटर व्यासाचा ८.८ दर्जाचा बोल्ट योग्य ताणापर्यंत आवळला, तर तो सुमारे साडेतीन टनांच्या बळाने कंस आणि आतली नळी एकमेकींवर दाबून धरतो. चाकाचे धक्के त्या दाबातून उत्पन्न होणारे घर्षण सोसते. बोल्ट सैल राहिला की नळी फिरू लागते, धक्के सरळ बोल्टाच्या अंगावर येतात आणि कंसाचे गोल छिद्र लंबगोल होते. चालकाला प्रथम एक ‘खट्’ असा आवाज ऐकू येतो. नंतर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढू लागते, कारण अ‍ॅक्सल आपल्या जागी स्थिर राहिलेला नसतो. घाटातील अरुंद वळणावर स्टिअरिंगने दिलेली आज्ञा आणि चाकांनी घेतलेली दिशा यांत वीतभर अंतर पडले, तरी ते जीवघेणे ठरू शकते.

सुधारणा करताना अनेक जण अधिक दर्जाचा बोल्ट आणतात. माथ्यावरील ८.८ या आकड्यांपैकी पहिला सांगतो की पोलाद प्रति चौरस मिलिमीटर सुमारे ८०० न्यूटन ताणापर्यंत तुटत नाही. दुसरा सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ६४० पर्यंत, ते कायमचे लांबत नाही. १०.९ दर्जासाठी हेच आकडे १००० आणि ९०० होतात. परंतु महाग बोल्ट जुन्याच जोराने आवळला, तर चिमटा पूर्वीइतकाच राहतो. चकचकीत स्टेनलेस बोल्टाचा मोह तर आवरलाच पाहिजे : त्याचा नेहमीचा ‘७०’ दर्जा म्हणजे केवळ ७०० न्यूटन. ग्रीससाठी आरपार पोखरलेले बोल्टही सावधपणेच निवडावेत. पोखरल्याने धातू कमी होतो आणि आडव्या छिद्रापाशी ताण एकवटतो. गुळगुळीत दांडा कंसाच्या भिंतींपर्यंत पोचावा, आटे तेथे येऊ नयेत, एवढे पाहिले तरी पुष्कळ साधते.

रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुश घालण्याची प्रथाही वाढली आहे. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर यांनी या पदार्थाचा पाया घातला. तो रबराहून सहसा कठीण असतो व तेलाला दाद देत नाही. त्यामुळे गाडी अधिक नेमकी वळते. मात्र या बुशात आतली नळी सरकते, रबरासारखे पिळणे त्यात नाही. म्हणून बसवितानाच सिलिकोनचे ग्रीस लावावे लागते, अन्यथा तो करकरू लागतो. कमानपाट्याचा डोळा मुख्यतः एकाच अक्षाभोवती फिरत असल्याने तेथे हा पदार्थ चालून जातो. कॉइल स्प्रिंगच्या गाड्यांत मात्र अ‍ॅक्सलला धरणाऱ्या दांड्यांचे बुश तिरपेही मुरडावे लागतात. तेथे फार कठीण बुश घातला, तर खडकाळ जागी चाक खाली उतरण्याऐवजी अधांतरी राहते. वाटेबाहेर जाणाऱ्यासाठी हा सौदा तोट्याचाच होय.

जुना बोल्ट काढणे हे पुष्कळदा सर्वांत कष्टाचे काम असते. आतल्या नळीशी तो गंजून एकजीव झालेला असतो; भेदक तेल रात्रभर मुरू द्यावे लागते आणि तरीही कधी करवतच चालवावी लागते. नवा बोल्ट बसवताना एक चूक वारंवार होते. गाडी जॅकवर असताना, चाके लोंबत असतानाच नट पूर्ण आवळला जातो. त्या स्थितीत आतली नळी जखडली गेली की गाडी जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि थोड्याच दिवसांत फाटते. नट आधी हाताने बेताचा लावावा, गाडी चाकांवर उतरवावी, दोन-चार वेळा दाबून स्थिर होऊ द्यावी आणि मगच टॉर्क पान्याने उत्पादकाने सांगितलेल्या मापापर्यंत आवळावा. वर सांगितलेल्या सरकत्या पॉलियुरेथेन बुशाला हे बंधन तितके लागू नाही. नायलॉनची कडी असलेला नट एकदा काढला की नवाच घालावा. पाटा व अ‍ॅक्सल यांना बांधणारे यू-बोल्टही सोडले असतील तर बदलावेत आणि पहिल्या काही शे किलोमीटरांनंतर सारे नट पुन्हा एकदा तपासून घ्यावेत.