भट्टीचा दिवस

पहाटे
इ. स. पू. ५१० च्या सुमाराचं अथेन्स. केरामेइकोस, म्हणजे तिथला कुंभारवाडा. भट्टी कालच रचून झाली आहे. आज तोंड लिंपायचं नि जाळ धरायचा, तोही मंद. ओल घाईनं निघाली तर भांडी तडकतात. भट्टीत शिरून भांडी फोडणाऱ्या भुताचं नावही ग्रीक कुंभारांना ठाऊक होतं : सिंत्रिप्स.

उन्हं चढल्यावर
समोर बसलेला पोरगा हातानं चाक फिरवतोय, त्यामुळे कुंभाराचे दोन्ही हात मातीवर. परवाची भांडी आता बेताची सुकलीत. त्यांना कान जोडायचे.

पलीकडे चितारी. त्याच्या वाटीतला रंग म्हणजे हीच लोहयुक्त माती, पाण्यात कालवून, निथळून, वरचा तलम गाळ तेवढा घेऊन दाट केलेली. भांडं मातीचं, रंगही मातीचा. ओल्यावर दोन्हींत फरक जेमतेम दिसतो. तरी त्याला ठाऊक आहे की दाट रेघ काळी उतरेल आणि पातळ केलेली सोनेरी-तपकिरी. पोटाचे स्नायू तो त्या पातळ रेघेनं काढतो, आकृतीभोवतीची जागा दाट गाळानं भरतो. आजोबांच्या काळी माणसं काळी असत, आता पार्श्वभूमी काळी आणि माणसं लाल. न दिसणाऱ्या रंगात पापणी रेखणाऱ्या या हाताचं मला फार अप्रूप आहे. या चिताऱ्यांत ईर्ष्याही होती. युथिमिदेसनं एका रांजणावर नाचणारे मद्यपी रंगवले आणि शेजारी लिहून ठेवलं की युफ्रोनिओसला असं कधी जमलं नाही. तो रांजण आज म्युनिकला आहे.

दुपारी
भाकरी, ऑलिव्ह. जाळ वाढवायचा.

दुपार कलताना
उष्णता ९०० अंशांच्या आसपास. आता ओली लाकडं आत, झरोके बंद. धूर कोंडतो आणि आतलं सगळं काळं पडतं, माणसं नि पार्श्वभूमी दोन्ही.

दिवेलागणीला
झरोके उघडले. हवा आत येते, भांड्याची जाडीभरडी माती ती शोषते आणि पुन्हा लाल होते. तलम गाळ मात्र एव्हाना काचेसारखा घट्ट झालाय. त्यात हवा शिरत नाही, तो काळाच राहतो. घटकेची चूक झाली तर महिन्याची मेहनत वाया.

म्हणून फुटक्या, रंगवलेल्या भांड्याची भोक पाडलेली खापरी आत ठेवलेली असते. थोरला कुंभार आकडीनं ती ओढून काढतो. तिच्यावर घोड्याचा अर्धाच पाय आहे : लाल, आणि भोवती चकाकता काळा. चितारी खापरी दिव्यापाशी नेतो, अंगठ्यानं पुसतो. भट्टी गार झाल्याशिवाय उघडायची नाही.